कुंडीत आधी हवा, मग माती : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच वाक्याने सुरू झालीयत, "आमच्याकडे माती नाहीये." कुणाकडे बाल्कनी आहे, कुणाकडे गच्ची, कुणाचं अंगण आहे पण पूर्ण फरशी घातलेलं, आणि एकांकडे तर फक्त खिडकीची ग्रिल. म्हणून यावेळचं सगळं सदर कुंड्यांनाच दिलंय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, शब्द मात्र तुमचेच ठेवलेत.

प्रश्न : ताई, आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, खाली सगळं काँक्रीट, मोकळी जमीन कुठेच नाही. एका ओळखीच्यांच्या शेतातून दोन पोती माती आणायचं चाललंय. ती चालेल का? की विकतचं पॉटिंग मिक्स घेऊ?

उत्तर : चालेल, पण दोन पोती नका आणू, अर्धं पोतं पुरे. का ते सांगते. शेतातली माती आपल्याला एवढी छान वाटते कारण तिच्या खाली आणखी हातभर, पुरुषभर माती असते, त्यात गांडुळं फिरत असतात, जुन्या मुळ्या कुजून त्यांच्या जागी बारीक नळ्या झालेल्या असतात, वरून पडलेलं पाणी या सगळ्या वाटांनी खाली ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. तीच माती कुंडीत भरली की यातलं काहीच उरत नाही. दहा इंचांवर प्लास्टिकचा तळ लागतो, वरून रोज आपली झारी, बारीक कण खाली बसत जातात आणि दोन-तीन महिन्यांत ती माती विटेसारखी आवळते. मग आपण म्हणतो माझ्या हाताला यशच नाही. हाताला काही झालेलं नसतं हो, मुळांना श्वास घ्यायला जागा उरलेली नसते. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की घरात माती नाही ही अडचण समजू नका, कुंडीला नुसती माती तशीही नकोच असते.

मी स्वतः भरते ते माप असं, एक मग माती, एक मग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक मग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि अर्धा मग काहीतरी भरड, म्हणजे परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे खडकाचे दाणे), भाताचं तूस, जाड वाळू किंवा विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, जे मिळेल ते. वजन करत बसू नका, एकच मग घेऊन मापायचं. आणि अगदी माती मिळालीच नाही तर दोन मग कोकोपीट, दीड मग कंपोस्ट, अर्धा मग परलाइट, एवढ्यावर पालेभाजी उत्तम येते, फक्त खत वेळच्या वेळी घालत राहावं लागतं.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. पाच किलोचा दाबलेला ठोकळा पाण्यात फुलून साधारण सत्तर लिटर होतो, त्यामुळे पहिल्यांदाच करणाऱ्यांनी छोटी वीट घ्यावी, ती साडेसहाशे ग्रॅमची असली तरी आठ-नऊ लिटर भरते, नाहीतर बादल्या पुरत नाहीत. दुसरं म्हणजे त्यात बऱ्याचदा क्षार असतात, म्हणून फुललं की घट्ट पिळून ते पाणी फेकायचं, परत नवीन पाणी, परत पिळायचं, पाण्याचा गडद चहासारखा रंग फिका होईपर्यंत. आणि कोकोपीट म्हणजे झाडाची गादी आहे, जेवण नाही, हे लक्षात ठेवा. त्यात जवळपास काहीच पोषण नसतं.

मिक्स जमलं की नाही बघायचं तर थोडं ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा व्हायला पाहिजे, पण बोटाने टोचला की लगेच विस्कटायला पाहिजे. टोचूनही तसाच राहिला तर माती जास्त झालीय, भरड वाढवा. गोळा झालाच नाही तर पाणी टिकणार नाही, कंपोस्ट वाढवा. विकतचं मिक्स आणलंत तरी हीच परीक्षा घ्या, आणि उघडल्यावर नुसतंच कोकोपीट दिसलं तर एक तृतीयांश कंपोस्ट घालूनच वापरा.

प्रश्न : मी रोज न चुकता सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तळाला ड्रेनेजसाठी खडे पण घातलेत, तरी पानं पिवळी पडतात आणि झाड मान टाकतं. पाणी कमी पडतंय का? ऊन चांगलं आहे.

उत्तर : कमी नाही, जास्त पडतंय, आणि तुमचं पत्र वाचून मला माझा मोगरा आठवला. अगदी सुरुवातीचा, माझ्या पहिल्या चार कुंड्यांमधला. पानं लोंबायला लागली म्हणून मी पाणी वाढवलं, आणखी लोंबली म्हणून आणखी वाढवलं, शेवटी एक दिवस कुंडी उपडी केली तर आतून सडक्या अंड्याचा वास आला. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येत होती आणि आत दोऱ्यासारखा एक तंतू राहत होता. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मेलं होतं, कारण मुळांना पाणी ओढायला ताकद लागते, ती ताकद श्वासातून येते आणि हवेच्या सगळ्या जागा मी पाण्याने भरून टाकल्या होत्या. म्हणून मान टाकलेलं झाड दिसलं की आधी झारी उचलायची नाही, आधी बोट घालून बघायचं. दोन पेरं आत कोरडं लागलं तर तहान, आणि वर कोरडं दिसूनही आत ओलं-गार लागलं तर श्वास कोंडलाय. वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात, फरक फक्त बोटालाच कळतो.

आता खडे. हे मलाही मोठ्यांनी असंच शिकवलं होतं त्यामुळे तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण एक प्रयोग करून बघाच. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा, बाहेर काढून तळहातावर आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. थांबलं? आता तोच स्पंज हळूच उभा करा, लांब बाजू वर. परत पाणी ठिबकायला लागतं! पिळला नाही, दाबला नाही, फक्त उंची वाढली. कुंडीत हेच चालतं. कितीही भोकं असली तरी सगळ्यात तळाला एक चिंब ओला थर राहतोच, तो किती जाड असणार हे मिक्स किती बारीक आहे त्यावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत जवळपास सगळी मुळं त्या चिखलात असतात आणि उंच कुंडीत वरची मुळं मोकळी राहतात. तळाला खडे घातले की पाणी बारीक मिक्समधून एकदम खड्यांच्या मोठ्या फटीत उतरत नाही, वरचं मिक्स पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं, म्हणजे तो ओला थर जातो कुठेच नाही, खड्यांच्या वर येऊन बसतो आणि मुळांची तेवढी जागा फुकट जाते. भोकातून मिक्स वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरतो. हवा पाहिजे तर ती सगळ्या कुंडीत पाहिजे, नुसती तळाला असून उपयोग नाही.

तुमच्या झाडांचं आत्ता काय करायचं, तर ज्यांचा शेंडा अजून हिरवा आहे ती कुंडीतून अलगद काढा, तपकिरी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पांढरी ठेवा, मुळं गेली तेवढी थोडी पानं-फांद्याही कमी करा, नवीन भरड मिक्समध्ये लावा आणि आठवडाभर सावलीत. एकदाच पाणी आणि मग बोटाला विचारूनच. नवीन पान फुटेपर्यंत खत अजिबात नाही, आजारी मुळांना खत झेपत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकायचं. आणि पाणी घालाल तेव्हा मात्र भरपूर, तळातून बाहेर येईपर्यंत. रोज दोन-दोन घोट घालून फक्त वरचा थर ओला ठेवला तर मुळंही वरच राहतात आणि एका कडक दुपारी होरपळतात.

याच्या उलटही होतं बरं का, पाणी घातलं की धो-धो खालून निघून जातं आणि तरी झाड सुकलेलं. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की ते पाणी घेतच नाही, पाणी कडेच्या फटीतून निसटतं. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा.

प्रश्न : वडिलांना रिटायर झाल्यावर गच्चीवर विटांचे मोठे वाफे बांधून भाजीपाला करायचाय, पूर्ण गच्ची भरून. मला स्लॅबची काळजी वाटते, पण त्यांचा उत्साह मोडवत नाही.

उत्तर : उत्साह मोडू नका, पण विटा आणायच्या आधी त्यांच्यासोबत बसून हा हिशोब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ओली माती लिटरमागे दीड ते दोन किलो भरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल वाफा म्हणजे तीनशे लिटर, म्हणजे साधारण पाचशे किलो, अर्धा टन, तोही विटा न धरता. आणि हे वजन पाहुण्यांसारखं येऊन जाणारं नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच बसून राहणार आणि प्रत्येक पावसात वाढणार. तुमचा स्लॅब किती पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष बघूनच सांगायची गोष्ट आहे, शेजाऱ्यांच्या गच्चीवर चाललंय म्हणून आपल्याकडे चालेल असं नसतं, इमारतीचं वय वेगळं, सळई वेगळी, मूळ डिझाइन वेगळं.

इंजिनिअरने हो म्हटलं तरी वाफे न बांधता सुटे ड्रम, ग्रो बॅग, क्रेट घ्या असंच मी म्हणेन. सुटं असलं की गळती लागली तर उचलून खाली बघता येतं, बांधलेल्या वाफ्याखाली काय चाललंय ते खालच्या खोलीचं छत ओलं होईपर्यंत कळतच नाही. सगळं वजन कडेने, बीम आणि कॉलम जिथे आहेत तिथे, मधला भाग चालायला मोकळा. मिक्स हलकं, कोकोपीटवालं, मातीच्या मानाने ते ओलं असतानाही बरंच हलकं पडतं. प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा स्टँडवर, म्हणजे खालची फरशी वाळते. गच्चीच्या पाण्याच्या तोंडावर जाळी लावून दर आठवड्याला पानं काढायची, एका पावसात तोंड तुंबलं तर गच्चीवर तळं होतं आणि प्रत्येक सेंटिमीटर पाण्याचं चौरस मीटरला दहा किलो वजन वाढतं. वॉटरप्रूफिंग आधी, झाडं नंतर. आणि कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, एकही नाही, तारेने बांधलेली पण नाही, खाली माणसं चालतात.

वडिलांसाठी एक सुचवते, निम्म्या कुंड्या कमरेच्या उंचीच्या मजबूत टेबलावर ठेवा. वाकायला लागलं नाही की माणूस दिवसातून चार चकरा मारतो, आणि कीड, बुरशी, सुकलेलं पान हे सगळं अशा सहज मारलेल्या चकरेतच दिसतं.

प्रश्न : बाल्कनीत जेमतेम दोन-तीन तास ऊन येतं. टोमॅटो दोनदा लावले, नुसती उंच काठी होते. काय लावू?

उत्तर : टोमॅटो, मिरची, वांगं, काकडी यांचा नाद या बाल्कनीत सोडा, ज्याचं फळ खायचं त्याला सहा तास थेट ऊन लागतंच. ज्याचं पान खायचं ते कमी उन्हात भागवतं, तुमच्याकडे पुदिना, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात, लेट्यूस व्हायला पाहिजे, थोडी हळू वाढतील एवढंच. धणे पेरताना हलक्या हाताने रगडून दोन डाळी वेगळ्या करा, एका धण्यात दोन बिया असतात, आणि आठ-पंधरा दिवस उगवली नाही म्हणून उकरून बघू नका. आधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला ऊन कुठपर्यंत आलंय तिथे खडूने रेघ मारून ठेवा. तीन महिन्यांनी परत मारा, ऊन सरकलेलं दिसेल, मग कुंड्याही सरकवायच्या.

प्रश्न : मिरचीची पानं आकसून वेडीवाकडी झालीत, फुलंही गळतात. कुणी म्हणतं व्हायरस, उपटून टाक. दोन वर्षांची मायेने वाढवलेली झाडं आहेत हो.

उत्तर : लगेच उपटू नका. आधी एक कोवळं पान तोडून बघा की ते कुठल्या बाजूला वळलंय. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं आणि देठ लांबलेला असेल तर बहुतेक कोळी, म्हणजे जाळं विणणारा नाही, माइट नावाची बारीक कीड. आपल्याकडे दोन्हीला चुरडा-मुरडाच म्हणतात पण शत्रू वेगळे आहेत. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे असतील तर पिवळसर बारीक रेघा चालताना दिसतात. हा कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

उपाय सुरुवातीला दोन्हीला एकच. सगळे वाकडे शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका (कंपोस्टमध्ये नाही). मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब, नीट घुसळून, ऊन उतरल्यावर फवारा. पानाच्या खालून फवारायचं, ते सगळे खालीच बसलेले असतात आणि आपण वरून पान धुऊन समाधान मानतो. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. एकदाच मारून सोडलं तर अंड्यातून निघालेली पुढची पिढी तयारच असते. नवीन शेंडे सरळ फुटले तर झाड वाचलं. तीन फवाऱ्यांनंतरही नवी पानं छोटी, पिवळसर, आकसलेलीच येत असतील आणि झाड खुजंच राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असणार, त्याला औषध नाही, आणि तेव्हा मात्र काळजावर दगड ठेवून ते झाड काढा म्हणजे शेजारची वाचतील. फवारायच्या आधी पानं नीट बघा मात्र, काळ्या-नारिंगी, छोट्या सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतील तर त्या लेडीबगची पिल्लं आहेत, मावा खातात, त्यांना हात लावू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी काकडी लावली होती, गच्चीवर. खूप फुलं आली पण सगळी गळून जातात, एकही काकडी नाही. प्रोजेक्ट संपला पण मला ती वाढवायचीच आहे.

उत्तर : शाब्बास, प्रोजेक्ट संपल्यावर जी टिकते ती खरी आवड. उद्या सकाळी लवकर उठून फुलांच्या मागच्या बाजूला बघ. काही फुलं नुसत्या बारीक देठावर असतील, ती नर. काहींच्या मागे बोटाच्या पेराएवढी चिमुकली काकडी असेल, ती मादी. वेलीवर पहिले आठ-दहा दिवस बऱ्याचदा नुसती नर फुलंच येतात, ती गळतातच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. मादी फुलं येऊनही ती चिमुकली काकडी पिवळी पडून गळत असेल तर मधमाश्या तुझ्या गच्चीपर्यंत पोचत नसणार. मग ते काम तू कर. सकाळी ताजं उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या मागे दुमड, मधला पिवळी पूड असलेला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हळूच फिरव, सगळीकडे लागला पाहिजे, अर्धवट लागला तर काकडी एका बाजूने बारीक, वाकडी होते. दुपारी करून उपयोग नाही, फूल एकच दिवस उमलतं. जवळ तुळस आणि झेंडू ठेव, मधमाश्यांना वाट सापडते. आणि कुंडी किती मोठी आहे ते लिहिलं नाहीस, पंधरा-वीस लिटरपेक्षा लहान असेल तर वेल फळ धरूनही पोसू शकणार नाही. पहिली काकडी लागली की कळव मला.

प्रश्न : टोमॅटोच्या खालच्या बाजूला काळा, चामड्यासारखा डाग पडतोय. कुठलं बुरशीनाशक मारू?

उत्तर : कुठलंच नाही. ही बुरशी नाही, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये, आणि ते पोचतं पाण्यासोबत. एक दिवस खडखडीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असं पाणी झालं की नेमकं हेच होतं. डागाळलेली फळं काढा, वरून सुक्या पानांचा दोन इंच थर द्या, पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतील. अंड्याची टरफलं टाकत असाल तर टाका पण ती कुजायला फार वेळ लागतो, या हंगामात त्यांच्यावर विसंबू नका.

प्रश्न : घरचं कंपोस्ट करायला घेतलं तर घाण वास येतो, अळ्या झाल्या, शेजारी तक्रार करतायत. बंद करू का?

उत्तर : बंद नका करू, तुमच्याकडे सुकं कमी पडतंय, बाकी काही नाही. भाजीपाल्याचा कचरा ओला असतो आणि तो एकावर एक दाबून बसला की आत हवाच राहत नाही, हवा नसली की सडतं, हवा असली की कुजतं, आणि सडणं आणि कुजणं यात वासाचाच फरक आहे. एक वाटी ओल्याला दोन ते तीन वाट्या सुकं, म्हणजे वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे फाडलेले तुकडे, कोकोपीट. आत्ता सगळं बाहेर वर्तमानपत्रावर काढा, भरपूर सुकं मिसळा, हाताने मोकळं करून परत भरा, डब्याला बुडाला आणि बाजूने भोकं आहेत ना बघा. वास दोन-तीन दिवसांत जातो. यापुढे दर वेळी ओल्यावर सुक्याची चादर, एक केळ्याचं सालही उघडं दिसता कामा नये.

अळ्यांचं म्हणाल तर त्या जाड, करड्या-तपकिरी, थोड्या चपट्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आहेत, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा फस्त करतात. दिसायला नको वाटतात हे मान्य, सुकं वाढवलं की कमी होतात. रस्त्याच्या कडेला झाडून पेटवलेली सुकी पानं बघितली की माझा जीव तुटतो, दोन पोती भरून आणून ठेवली तर तुमचं वर्षभराचं काम होतं. तयार झालेलं खत ओळखायचं नाकाने, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला पाहिजे आणि त्यात काय-काय टाकलं होतं ते ओळखू येता कामा नये. त्यातलं दोन मुठी खत महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीत, कारण जमिनीतलं झाड मुळं लांबवून अन्न शोधतं, कुंडीतलं कुठे जाणार, शिवाय दर पाण्यासोबत थोडं-थोडं पोषण खालून वाहून जातच असतं.

प्रश्न : प्लास्टिक, मातीची कुंडी, ग्रो बॅग, रंगाची रिकामी बादली... काय घ्यावं?

उत्तर : ज्याला बुडाला भोकं पाडता येतात ते सगळं चालतं, फक्त केमिकलचा ड्रम खाण्याच्या झाडांसाठी वापरू नका, रंगाच्या बादलीचंही मी फुलझाडांपुरतंच म्हणेन. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, त्यामुळे मुळं गार राहतात पण पाणी जास्त वेळा लागतं आणि ती जड असते. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात हात लावून बघा, जे तुमच्या तळव्याला सोसत नाही ते कडेच्या कोवळ्या मुळांनाही सोसत नाही, तिला पांढरा कपडा गुंडाळा किंवा पुढे एखादी छोटी कुंडी ठेवा. कापडी ग्रो बॅग मला सगळ्यात आवडते, कारण मुळं कडेला पोचली की हवेने त्यांची टोकं सुकतात आणि आतून नवीन फुटवे येतात, गोल-गोल फिरून गुंता होत नाही. मापाचं म्हणाल तर पालेभाजीला सहा-आठ इंच खोली, मिरचीला दहा-बारा इंच, टोमॅटोला बारा ते चौदा, लिंबासारख्या झाडाला अठरा-वीस इंच.

प्रश्न : गेल्या वर्षीची कुंडीतली माती टाकून द्यावी का? वर पांढरा थर पण आलाय.

उत्तर : आपल्याकडे माती नाही म्हणतो आणि असलेली फेकायची? मुळीच नको. पांढरं दिसतंय ते पाण्यातले आणि खतातले क्षार आहेत, वरचा अर्धा इंच खरवडून काढा. बाकीची माती पसरवून जाड मुळं वेचा, चार-पाच दिवस कडक ऊन द्या, मग एक तृतीयांश नवीन कंपोस्ट आणि मूठभर भरड मिसळून परत वापरा. क्षार फार असतील तर भरलेल्या कुंडीतून तिच्या दुप्पट पाणी सावकाश वाहू द्या आणि खालचं पाणी फेकून द्या. फक्त टोमॅटोच्या मातीत लगेच परत टोमॅटो, मिरची, वांगं किंवा बटाटा नको, हे सगळे एकाच घरातले, रोगही सारखेच. त्या जागी मेथी किंवा चवळी घ्या.

प्रश्न : दहा दिवस बाहेर जायचंय, पाणी घालायला कुणी नाही. पस्तीस कुंड्या आहेत.

उत्तर : सगळ्या कुंड्या उचलून सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर, छोट्या मध्ये. वरून सुक्या पानांचा जाड थर. ज्यांना जास्त पाणी लागतं त्यांच्या मधोमध एक भरलेली बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच, आणि तिच्यातून जाड सुती दोरी किंवा जुन्या बनियनच्या पट्ट्या, एक टोक बादलीच्या तळापर्यंत, दुसरं टोक मातीत तीन इंच खोल. दोरी आधी ओली करून घ्या, कोरडी असेल तर पाणी चढत नाही. आणि हे निघायच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करून तीन दिवस बघा की बादली किती उतरते, त्यावरून एक बादली पुरेल की दोन ते कळेल. नायलॉनची दोरी नको, ती पाणी धरत नाही. लागलेली भाजी जायच्या आधी सगळी तोडा, छोटी असली तरी. आल्यावर पहिल्या दिवशी कितीही मरगळलेली दिसली तरी खत नाही आणि छाटणीही नाही, फक्त सावलीतच भरपूर पाणी, आणि दोन दिवसांनी मग हळूहळू उन्हात.